घरगुती यंत्रविचार : हळदीचें प्रायश्चित्त

या सदराचे जुने वाचक जाणतातच कीं, येथें शक्यतों मीं स्वतः करून पाहिलेली गोष्टच सांगितली जाते. परंतु एकदां या नियमाचा मजकडूनच भंग झाला. घाटांत मोटार तापली असतां काय करावें, याविषयीं लिहितांना मीं ओघाओघांत असें लिहिलें होतें कीं, रेडिएटरला बारीकसें भोंक पडलें असेल व जवळ कारागीर नसेल, तर पाण्यांत चमचाभर हळद टाकावी; हळद फुगते, भोंकांत जाऊन बसते आणि गाडी पुढच्या गांवापर्यंत पोंचते. ही युक्ति माझी नव्हे. आपल्याकडील ट्रकवाले ती कित्येक वर्षें वापरीत आले आहेत व मीं ती केवळ त्यांच्या तोंडून ऐकली होती. परंतु 'ऐकली आहे' असें न लिहितां 'टाकावी' असें मीं लिहिलें. आणि पुढच्या गांवीं पोंचल्यावर ती हळद बाहेर काढावी लागते, हें तर मुळींच लिहिलें नाहीं. या दोन चुकांचें फळ मला गेल्या हिवाळ्यांत, सात समुद्रांपलीकडे, माझ्याच घरच्या मंडळींच्या गाडींत पहावयास मिळालें.

आजचा लेख म्हणजे त्या चुकीची कबुली आहे आणि तिची दुरुस्तीहि आहे. ज्यांचीं मुलें व लेकी थंड देशांत रहातात, त्यांना यांतील कृति उपयोगी पडेल. ज्यांची मोटार कधीं घाट उतरून पलीकडे गेली नाहीं, त्यांनाहि यांत घेण्याजोगें कांहीं सांपडेल अशी आशा आहे.

आमची धाकटी कन्या व जावई कॅनडांतील मॅनिटोबा प्रांताची राजधानी जें विनिपेग शहर, तेथें रहातात. कन्येच्या बाळंतपणासाठीं आम्ही उभयतां नोव्हेंबरच्या अखेरीस तिकडे गेलों. पुण्यांत पारा दहा अंशांखालीं उतरला कीं आपण कानटोप्या शोधूं लागतों. विनिपेगला जानेवारी महिन्याचें सरासरी तपमानच शून्याखालीं सोळा अंशांच्या आसपास असतें, आणि एखाद्या रात्रीं तें उणें तीसपर्यंत गेलें तर कोणाला त्याचें नवल वाटत नाहीं. गोठ्यांत गाई दाव्याला बांधाव्यात, तशा तेथें मोटारी रात्रभर विजेच्या तारेला बांधलेल्या असतात. इंजिन गोठूं नये म्हणून त्याला ऊब देणारें विजेचें एक लहान उपकरण आंत बसविलेलें असतें. अशा एका उपकरणाचें पेटंट विनिपेगच्या दक्षिणेस असलेल्या ग्रँड फोर्क्स या अमेरिकन गांवांतील अँड्र्यू फ्रीमन यांना १९४९ मध्यें मिळालें. त्या मुलखांत ऊब ही चैनीची वस्तु नसून अन्नपाण्याइतकीच गरजेची आहे, हें त्या तारा पाहिल्यावर पटतें.

नात झाली, बारसें झालें, सर्व यथास्थित पार पडलें. जानेवारीच्या अखेरीस मात्र जावईबापूंच्या मोटारींतील हीटर हळूहळू निकामी होऊं लागला. पंखा जोरानें फिरे, पण वारा येई तो गारच. चालकाचा श्वास समोरच्या कांचेवर आंतल्या बाजूनें गोठे. जावईबापू एका हातानें स्टिअरिंग धरीत आणि दुसऱ्या हातानें प्लॅस्टिकच्या तुकड्यानें कांच खरवडीत. रोज शहराबाहेर तीस किलोमीटर कामाला जाण्यायेण्याचा त्यांचा रस्ता हा असा कटत होता.

त्यांत बाळास दोन महिने पुरे होत आले, व पुढील मंगळवारीं लस टोंचून घेण्यासाठीं तिला दवाखान्यांत न्यावयाचें ठरलें. तेथें तान्ह्या मुलाला आईच्या मांडीवर घेऊन मोटारींत बसतां येत नाहीं. गाडीच्या मागच्या बाजूकडे तोंड करून ठेवलेल्या खास आसनांत त्याला पट्ट्यांनीं बांधावें लागतें. शिवाय जाड, फुगीर अंगरखा घालून पट्टे आंवळूं नयेत असें तेथील जाणते बजावतात; कारण धक्का बसतांच अंगरखा दबतो, पट्टा सैल पडतो आणि मूल निसटूं शकतें. म्हणजे बाळाला पातळ कपड्यांत बांधावयाचें, वरून पांघरूण घालावयाचें, आणि बाकी सर्व भिस्त गाडींतील उबेवर.

"नाना, मंगळवारीं काय करायचें?" असें कन्येनें विचारलें, तेव्हां माझ्याजवळ उत्तर नव्हतें. एका दिवसापुरता प्रश्न टॅक्सीनें सुटला असता. पण नवऱ्याच्या रोजच्या प्रवासाची काळजी तिला बाळाच्या लशीहून कमी नव्हती. कारखान्याची तारीख दहा दिवसांनंतरची मिळत होती. तेथें असेंहि सांगण्यांत आलें कीं, हीटरचा आंतला भाग बदलावयाचा तर डॅशबोर्ड संपूर्ण उतरवावा लागेल.

मीं जावईबापूंना विचारलें, "गेल्या कांहीं महिन्यांत गाडीच्या पाण्याचें कांहीं केलें होतें काय?" ते क्षणभर घुटमळले व म्हणाले, "ऑक्टोबरांत सकाळीं गाडीखालीं थेंब दिसत होते, नाना. तुमचा तो लेख मला आठवला. दोन चमचे हळद टाकली. गळती थांबली. त्याच्या आधीं पाणी थोडें कमी झालें होतें, तें नळाचें भरलें." हें सांगतांना त्यांच्या स्वरांत तक्रारीचा लवलेशहि नव्हता. उलट सासऱ्यांचा सल्ला पाळल्याचें समाधान होतें. त्यामुळेंच मला तें अधिक लागलें.

आतां मोटारींत ऊब येते कोठून, हें थोडक्यांत पाहूं. पेट्रोल जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिचा बराच मोठा भाग चाकें फिरविण्याच्या कामीं येत नाहीं. तो धुरावाटे व इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. इंजिनांत तापलेलें हें पाणी पुढच्या रेडिएटरांत जाऊन थंड होतें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याची एक लहान शाखा दोन रबरी नळ्यांनीं डॅशबोर्डच्या मागें जाते. तेथें हातभर लांबीहून लहान असा एक दुसरा रेडिएटर असतो. कारागीर त्यास 'हीटर कोअर' म्हणतात. त्यावरून पंख्यानें वारा सोडला कीं तोच गरम होऊन गाडींत येतो. म्हणजे ही ऊब फुकटची, एरवीं वायां जाणारी. मोटारींच्या आरंभकाळीं लोक पायांखालीं तापविलेल्या विटा व कोळशाच्या शेगड्या घेऊन बसत. बाहेरची ताजी हवा गाळून, गरम पाण्याच्या अशा रेडिएटरवरून आंत घेण्याची सोय १९३८ मध्यें अमेरिकेंतील नॅश कंपनीनें आपल्या गाड्यांत आणली, व पुढें ती पद्धति सर्वत्र रूढ झाली.

या छोट्या रेडिएटरच्या नळ्या चपट्या व फार अरुंद असतात. पाणी त्यांतून सावकाश वहातें. म्हणून गंज, जुना गाळ, निरनिराळ्या जातींचीं कूलंटें एकत्र मिसळल्यानें होणारा चिकट साका, किंवा गळती बुजविण्यासाठीं टाकलेली कोणतीहि भुकटी प्रथम येथेंच सांचते. हळद रेडिएटरांतलें नेमकें भोंक शोधीत जाईल, ही आपली भोळी कल्पना आहे. जेथें वाट अरुंद व वेग मंद, तेथें ती बसते. भोंक कोणतें आणि वाट कोणती, हें तिला कळत नाहीं.

तथापि हीटर गार पडला म्हणजे नळ्या तुंबल्याच, असें समजून लगेच पाने-पक्कडी घेऊं नयेत. आधीं रोगाचें निदान करावें. थंड इंजिनांत कूलंटची पातळी पहावी. ती कमी असेल तर तेंच कारण असूं शकतें. मग इंजिन पुरतें तापूं द्यावें. तपमानाचा कांटा वर चढतच नसेल, तर दोष बहुधा थर्मोस्टॅटचा. कांटा नेहमींच्या जागीं असेल, तर हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या, फिरत्या पंख्यापासून व पट्ट्यापासून हात जपून, चांचपून पहाव्यात. दोन्ही सारख्याच गरम असतील, तर पाणी नीट वहात आहे व दोष आंतील वारा वळविणाऱ्या झडपेचा आहे. एक गरम व दुसरी कोमट किंवा गार असेल, तरच नळ्या तुंबल्याचा संशय घ्यावा. आणि गाडींत गोडसर वास येत असेल, पायांखालचा गालिचा ओला होत असेल, कांचेवर तेलकट धुकें धरत असेल, तर छोटा रेडिएटर फुटला आहे. तेथें धुण्याचा उपयोग नाहीं; तो बदललाच पाहिजे.

आमच्या गाडीचा कांटा जागेवर होता. एक नळी हाताला सोसेना, दुसरी जेमतेम कोमट. स्वयंपाकघरांतील थर्मामीटर वाऱ्याच्या तोंडाशीं धरला, तो बारा अंशांवर थांबला. निदान झालें. परंतु त्याहून गंभीर गोष्ट पुढें निघाली. कूलंटचा एक थेंब तपासणीच्या उपकरणांत घालून पाहिला, तेव्हां तें द्रव्य उणें वीस अंशांपर्यंतच गोठल्यावांचून टिकेल असें दिसलें. नळाच्या पाण्यानें तें पातळ झालें होतें, आणि बाहेर रात्रीं उणें तीस होत होतें. पाणी गोठतांना शेंकडा नऊच्या सुमारास फुगतें. लोखंडहि त्या जोरापुढें तडकतें. रात्रभर जोडलेल्या विजेच्या तारेनें आजवर इंजिन वांचविलें होतें, इतकेंच.

येथें कूलंटविषयीं एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यांतील मुख्य द्रव्य इथिलीन ग्लायकॉल. तें जितकें अधिक तितकें बरें, असें कोणासहि वाटेल. परंतु शुद्ध ग्लायकॉल उणें तेरा अंशांच्या आसपासच गोठतें. त्यांत निम्में पाणी मिसळलें कीं मिश्रण उणें सदतीसपर्यंत टिकतें, आणि साठ भाग ग्लायकॉल व चाळीस भाग पाणी केलें तर उणें पन्नासच्याहि खालीं. एकटें पाणी निरुपयोगी, एकटें ग्लायकॉलहि निरुपयोगी. दोघांच्या योग्य मिश्रणांतच गुण आहे.

धुण्याचें काम बाहेर अंगणांत करण्याचा विचारहि करूं नये. उणें पंचवीसमध्यें नळ्यांत साधें पाणी सोडलें तर धुणें पुरें होण्यापूर्वींच तें आंत गोठेल, आणि तुंबलेल्याचें फुटलेलें होईल. आमच्या सुदैवानें तेथील एका स्नेही मराठी कुटुंबाचें घरालगत तापविलेलें गॅरेज होतें. शुक्रवारीं रात्रीं गाडी तेथें नेऊन ठेवली व इंजिन रात्रभर निवूं दिलें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडणें म्हणजे तोंडावर उकळतें पाणी उडवून घेणें होय. दुसरी खबरदारी याहूनहि महत्त्वाची : बंद गॅरेजांत इंजिन एक मिनिटहि चालूं ठेवूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो माणसाला कळूं न देतां मारतो. इंजिन चालविण्याची वेळ येईल तेव्हां दार पूर्ण उघडावें, अथवा गाडी बाहेर काढावी.

शनिवारीं सकाळीं कामास लागलों. चाकांना अटकाव लावले, हातमोजे व चष्मे चढविले, हीटरची कळ पूर्ण 'गरम'कडे फिरविली आणि रेडिएटरच्या खालच्या तोटीखालीं पसरट भांडें ठेवून सर्व कूलंट काढून घेतलें. केवळ छोटा रेडिएटर धुवून भागणार नव्हतें. जुन्या पाण्यांत उरलेली हळद फिरून पुन्हां तेथेंच येऊन बसली असती. मग हीटरच्या दोन नळ्यांवर रंगीत दोऱ्यानें खुणा केल्या व त्यांच्या क्लिपा सैल केल्या. जुनी रबरी नळी तोंडाशीं चिकटलेली असते. ती ओढूं नये, हळूच पिळून सोडवावी. पिळूनहि न सुटल्यास सुरीनें उभी चिरावी व नवी नळी बसवावी. नळी थोड्या पैशांत मिळते. ओढतांना आंतल्या ॲल्युमिनियमचें तोंड वांकलें तर सर्व डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

आतां मुख्य गोष्ट. गाळ पाण्याबरोबर ज्या दिशेनें येऊन बसला, त्याच दिशेनें पाणी जोरानें सोडलें तर तो अधिकच ठासून बसतो. म्हणून पाणी नेहमीं उलट सोडावें : जेथून पाणी बाहेर येतें तेथून आंत, आणि जेथून आंत जातें तेथून बाहेर. तसेंच अंगणांतील नळ जोडून पूर्ण सोडण्याचा मोह आवरावा. रेडिएटरच्या झांकणावर लिहिलेला दाब बहुधा चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपास असतो. शहरांतील नळाचा दाब त्याच्या तिप्पट-चौपट असूं शकतो. नाजूक सांधे त्यानें उघडतात.

आम्हीं जुनीच रीत पत्करली. एक बादली कोमट पाणी भरून फळीवर, तोंडापासून सुमारें दीड मीटर उंचीवर ठेवलें आणि पारदर्शक नळीनें तें खालीं घेतलें. इतक्या उंचीचा दाब म्हणजे त्या एक किलोचा जेमतेम सातवा हिस्सा. बाहेर येणारें पाणी पांढऱ्या बादलींत धरलें व घड्याळ लावलें. पहिला लिटर यावयास ऐंशी सेकंद लागले. दुसऱ्या खेपेस पाणी सुलट सोडलें, तिसऱ्या खेपेस पुन्हां उलट. चौथ्या खेपेस नळीनें एक उचकी दिली आणि पिठल्याच्या खरवडीसारखा तांबूस-तपकिरी गाळ बदकन् बादलींत पडला. कांहीं तांबूसपणा गंजाचा असेल, कांहीं हळदीचा. कारण कूलंट किंचित् क्षारधर्मी असतें, आणि हळद क्षारांत तांबडी होते. चुन्याच्या योगानें हळदीचें कुंकू होतें, तें याच न्यायानें.

बाळाला पाहून झाल्यावर आमच्या सौ. गॅरेजच्या दारांत डोकावल्या होत्या. बादलीकडे पाहून त्या म्हणाल्या, "अहो, हळद चिमूटभर घालायची असते म्हणून मी चाळीस वर्षें सांगतें आहें." यावर कोणी कांहीं बोललें नाहीं.

दहा-बारा खेपांनंतर पाणी नितळ येऊं लागलें, तरी लिटरला पंचवीस सेकंद लागत होते. तेव्हां ॲल्युमिनियमला चालणारें, शीतनव्यवस्थेसाठींच विकलें जाणारें शोधक द्रव्य डब्यावरील प्रमाणानें पाण्यांत मिसळून अर्धा तास आंत ठेवलें व मग भरपूर पाण्यानें धुतलें. येथें घरगुती शहाणपणा करूं नये. मोरी साफ करण्याचा कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला अक्षरशः खाऊन टाकतो, आणि त्या क्रियेंत पेट घेणारा हायड्रोजन वायु निघतो. जोरकस आम्लांचेंहि तसेंच. शोधकानंतर एक लिटर पाणी नऊ सेकंदांत उतरलें. दोन्ही दिशांनीं तोच वेग आला, तेव्हां काम झालें असें समजलों.

शेवटीं ऊर्ध्वपातित पाण्यानें एकदां खंगाळलें व आंत राहिलेलें पाणी सायकलच्या पंपानें हलकेच हवा मारून काढून टाकलें. तरीहि इंजिनाच्या कोनाकोपऱ्यांत थोडें पाणी रहातेंच, म्हणून तयार निम्मेनिम्म मिश्रण न भरतां, गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या जातीचें दाट कूलंट आधीं घातलें व मग हिशेबानें पाणी. गाडी दाराबाहेर आणून तिचें नाक किंचित् उंच ठेवलें, हीटर पूर्ण गरम केला, उघड्या तोंडावर नरसाळें लावून इंजिन चालूं केलें. थर्मोस्टॅट उघडला कीं आंत कोंडलेली हवा बुडबुड्यांनीं वर येते व पातळी खालीं जाते. तेवढें कूलंट पुन्हां घालावें लागतें. बुडबुडे थांबल्यावर झांकण लावलें. उपकरणानें पाहिलें, तों मिश्रण उणें चाळीसपर्यंत टिकणारें झालें होतें. स्वयंपाकघरांतला तोच थर्मामीटर वाऱ्याशीं धरला, तो पंचावन्न अंशांवर गेला.

आणि आतां ती गोष्ट, जिच्याकरितां मुख्यतः हा लेख लिहीत आहें. गळती मूळ होती कोठें? काम आटोपल्यावर गाडी रात्रभर मुद्दाम बाहेर ठेवली व पहाटे विजेरी घेऊन पाहिलें. रेडिएटरच्या खालच्या मोठ्या नळीच्या क्लिपेशीं एक थेंब लोंबत होता. थंडींत रबर व धातु दोन्ही आकसतात. परंतु सारखीं आकसत नाहींत, म्हणून सैल क्लिपेंतून सकाळीं थेंब गळतात आणि इंजिन तापलें कीं आपोआप थांबतात. ऑक्टोबरांत जावईबापूंनीं हळद घातली, इंजिन सुरू करून ती फिरविली, आणि गळती थांबली. ती हळदीनें थांबलीच नव्हती. ती रोजच थांबत होती. आम्ही तिघेहि काकतालीय न्यायानें हळदीस श्रेय देऊन मोकळे झालों होतों. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मीं ती क्लिप दीड फेरा आवळली. त्यानंतर थेंब दिसला नाहीं.

काढून टाकलेल्या कूलंटविषयीं दोन शब्द अवश्य लिहिले पाहिजेत. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतें आणि तें जहाल विष आहे. शरीरांत त्यापासून ऑक्झॅलिक आम्ल बनतें व त्याचे स्फटिक मूत्रपिंडांत बसतात. कुत्रींमांजरें तें चाटतात, लहान मुलें बोट बुडवून तोंडांत घालतात. जमिनीवर सांडलेला प्रत्येक थेंब पुसून घ्यावा, जुनें द्रव्य झांकणाच्या डब्यांत भरून, वर ठळक अक्षरांत नांव लिहून, मुलांच्या हाताबाहेर ठेवावें, आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावर पोंचवावें. मोरींत अगर गटारांत ओतूं नये. कोणाच्या पोटांत गेल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न पहातां रुग्णालय गांठावें. वेळेवर दिलेल्या उताऱ्यानें प्राण वांचतात.

मंगळवारीं बाहेर उणें सत्तावीस होतें. बाळ पातळ दुपट्यांत, पट्ट्यांत बांधलेलें, वरून आजीची गोधडी. अर्ध्या वाटेवर कन्येनें मागें वळून गोधडी थोडी खालीं सारली व म्हणाली, "नाना, तिला उकडतंय." त्या मुलखांत हें वाक्य ऐकून मला जितका आनंद झाला, तितका एखाद्या मानपत्रानेंहि झाला नसता.

आपल्याकडील वाचकांनीं यांतून काय घ्यावें? पहिलें हें कीं, आपल्या उष्ण प्रदेशांतहि रेडिएटरांत सदैव नुसतें पाणी घालूं नये. योग्य कूलंट गंज रोखतें व उकळण्याचा बिंदुहि वर नेतें. दुसरें, ज्यांच्या गाडींत हीटर आहे त्यांनीं तो निरुपयोगी समजूं नये. कसारा किंवा खंबाटकीच्या चढणीवर इंजिनाचा कांटा वर जाऊं लागला, तर थंड हवेचें यंत्र बंद करून हीटर व पंखा पूर्ण सोडावा. आंतल्या मंडळींना घाम फुटेल. पण तो छोटा रेडिएटर इंजिनाची बरीच उष्णता बाहेर काढील व सुरक्षित जागीं थांबेपर्यंत वेळ मिळेल. अर्थात् त्याच्या नळ्या मोकळ्या असतील तरच.

तिसरें म्हणजे माझें प्रायश्चित्त. हळदीचा तो सल्ला मी आज मागें घेत आहें. वाटेंत गळती आढळली तर गाडी थांबवावी, निदान अर्धा तास निवूं द्यावी, प्रथम क्लिपा व नळ्या पहाव्यात, स्वच्छ पाणी भरावें आणि पातळी पहात पहात जवळचा कारागीर गांठावा. निर्जन वाटेवर जीव वांचविण्यासाठीं कोणी हळद टाकलीच असेल, तर मुक्कामीं पोंचतांच सर्व पाणी बदलून शीतनव्यवस्था धुवावी आणि गळतीचें मूळ दुरुस्त करावें. ज्या वाचकांनीं माझें वाचून हळद घातली असेल, त्यांनीं येत्या रविवारींच हें काम उरकावें, अशी माझी त्यांस हात जोडून विनंती आहे. गळती झांकणें सोपें असतें, म्हणून आपण ती झांकतों. पण झांकण्यासाठीं टाकलेली वस्तु कोठेंतरी जाऊन बसतेच, आणि पुष्कळदां ती बसते तेथें घरांतलें सर्वांत लहान माणूस उबेची वाट पहात असतें.

जावईबापूंनीं मात्र मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. परत निघतांना त्यांनीं मला विमानतळावर पोंचविलें, तेव्हां गाडींत अशी ऊब होती कीं मीं कोट काढून मांडीवर घेतला होता. उतरतांना ते हंसून म्हणाले, "नाना, पुढचा लेख लिहाल तेव्हां आधीं मला वाचायला पाठवा." तें मीं कबूल केलें आहे, आणि हा लेख त्यांनीं वाचलेला आहे.